शबानाचा आलू, माझा अळू

आज अळूनं माझी चांगली जिरवली. हसा खुशाल.

सकाळी मोरीमागचा अळू चिरत बसले होते. अळू हाय म्हटलं, तशी आमची भाडेकरीण शबाना, नवरा तिचा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, म्हणाली, "अम्मा, आलू तो बटाटा है. ये तो अरवी का पत्ता है."

म्हटलं, "आणि बिर्याणीत घालतेस तो आलुबुखारा? तो काय बटाट्याचा मामा हाय?"

"वो तो फल है, अम्मा!"

शेजारची तेलुगू लक्ष्मी म्हणाली, "आमच्यात ह्याला चामा म्हणतात." भाजी शिजेपर्यंत तिघींची तोंडं चालूच. दोघींना वाटी-वाटी दिली.

मग मी घास घेतला आणि घसा खाजला. चिंचेशिवाय अळू खाजतोच, आणि बोलण्याच्या नादात मी चिंचच घातली नव्हती.

लक्ष्मीचा म्हातारा सासरा जेवायला बसणार होता. मी सांगायला उठले, तशी माझी सून म्हणाली, "आई, पाला जून निघाला म्हणून सांगा."

पाल्यानं काय केलं? दारातनंच ओरडले, "खाऊ नका, चिंच विसरले मी!" म्हातारा वाचला. शबानानं मात्र खाल्ली होती. गळा धरून चिंच चोखत बसली बिचारी.

तुमच्यात अळूला काय म्हणतात? आणि स्वतःची चूक तोंडानं सांगता, की पाल्यावर ढकलता?