शेजारणीचं बावेआनी गाणं आणि आमचं मंडळ

ये गं, जवळ बस. तो फोन पालथा ठेव आधी. इतक्या महिन्यांनी आलीस आणि दारातच विचारतेस, वायफायचा पासवर्ड काय. आजीची चौकशी करायची ही कुठली रीत? माझं चोआ चू कांग काय सातासमुद्रापार आहे? तुझं वुडलँड्स इथून चार स्टेशनं, तर तोंड वर करून इथल्या इंग्रजीत सांगतेस, 'far far lah', लांब म्हणे.

बरं, ऐक. समोरच्या फ्लॅटमधली म्हातारी तुला मलय वाटते ना? सगळ्यांनाच वाटते. तिचे वडील बावेआनहून आले. जावाच्या उत्तरेला समुद्रात टिकलीएवढं बेट आहे ते. इथे येऊन घोड्यांच्या तबेल्यात कामाला लागले. एका गावच्या लोकांनी मिळून एक मोठं घर घ्यायचं आणि सगळ्यांनी त्यात राहायचं, ही त्यांची पद्धत. ती तशाच घरात वाढली. तिची भाषा मदुरा बेटाच्या भाषेची बहीण, मलयवाल्याला ती कळत नाही. पार तैवानच्या डोंगरांपासून मादागास्करपर्यंत ह्या भाषांचं गोत पसरलंय, हे मी वाचनालयात बसून वाचलं. शाळा सातवीत सुटली, वाचन नाही सुटलं.

तर गेल्या वर्षी आपल्या मराठी मंडळाने मातृभाषेचा कार्यक्रम ठरवला. अध्यक्ष तांजोंग पगार भागातल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "काकू, एखादी लोकल पाहुणी आणा, बरं दिसेल." बरं दिसेल म्हणे, जशी फुलदाणीच.

मी शेजारणीला विचारलं. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या मोठ्या घरात तिची आजी एक गाणं म्हणायची, ते म्हणीन म्हणाली. नातवंडांनी ते कधी ऐकलं नव्हतं. "घरी ऐकत नाहीत, स्टेजवर तरी ऐकतील," असं म्हणून त्यांनाही घेऊन आली.

कार्यक्रम काय वर्णावा. पोरं हातात चिठ्ठ्या घेऊन उभी, मराठी भाषण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. 'मला मराठीचा अभिमान आहे' वाचताना अभिमानावरच अडखळत होती. हीच पोरं शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी शिकतात. शाळेत मराठी नाही, मान्य. पण घरी कुणी तोंड शिवलंय?

शेजारणीची पाळी आली तसे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "काकू, त्यांना म्हणावं मलयमध्येच दोन वाक्यं बोला. ते दुसरं कुणाला कळणार?"

"मलय तरी कुणाला कळतंय इथे?"

"तसं नाही हो. प्रॉपर लँग्वेज हवी. डायलेक्ट नको."

ह्या गृहस्थांची आई मालवणी बोलते. पाहुण्यांसमोर तिला 'जरा शुद्ध बोल गं' म्हणताना मी ह्यांना ऐकलंय. मी म्हटलं, "मग तुमच्या आईलाही स्टेजवर नका चढवू."

"काकू, तुम्ही पण ना," म्हणून हसले आणि माइकवरून स्वतःच जाहीर केलं, पाहुण्या मलयमध्ये शुभेच्छा देतील. झालं. ती दोन वाक्यं बोलली, भेट मिळालेलं कुंडीतलं रोप घेऊन खाली उतरली. तिची नातवंडं तेव्हा बाहेर फोनवर. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो, खाली लिहिलेलं, 'आमच्या मलय मैत्रीण'. लाइकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस.

लिफ्टपाशी ती मला म्हणाली, "तुझे लोक चांगले आहेत. टाळ्या फार वाजवतात." ती हसली की नाही, मला अजून कळलेलं नाही.

मग शनिवारी चहाला आली आणि माझ्या ओट्याला टेकून ते गाणं म्हटलं. मला अवाक्षर कळलं नाही, तरी पुन्हा म्हणायला लावलं. आता दर शनिवारी म्हणते. पण माझ्या म्हाताऱ्या कानांत घालून त्याचं काय व्हायचं? माझ्याबरोबरच जायचं ते. तिला कोवळे कान हवेत, आणि तिची नातवंडं काही येत नाहीत.

आज ती मुलीकडे गेलीय, नाहीतर आत्ताच बोलावलं असतं. शनिवारी ये. मराठीत काय ते माझ्याशी भांड, आणि तिच्याजवळ बसून गाणं घे. ये बाई लवकर.