कादंबरीत नसलेलं वाक्य

नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा धानोऱ्याच्या स्टँडवर आई बसच्या खिडकीखाली उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. निदान मी इतकी वर्षं तेच धरून बसले होते. दादानं ट्रंक आत सरकवली. डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून मी बस हलायच्या आधीच मांडीवरच्या कादंबरीत डोकं खुपसलं, ते नागपूरपर्यंत. काय वाचलं, देव जाणे.

त्यातलं एक वाक्य मात्र जन्माचं लक्षात राहिलं. घर सोडणाऱ्या मुलीला तिची आई म्हणते, "तू गेलीस तरी तुझ्या नावची तांदळाची मूठ आधणात पडेल." होस्टेलवर मी ते किती जणींना ऐकवलं असेल. अशी आई पुस्तकातच असते, असं वाटायचं. आमची तर मुकीच.

आई मागच्या उन्हाळ्यात गेली. परवा ती कादंबरी पुन्हा काढली, ते वाक्य वाचायलाच. बघते तर गोष्ट कोकणातली. माझ्या डोक्यात त्या घराच्या अंगणात मोहफुलं वाळत होती, मागे धानाच्या बांध्या होत्या. माझंच अंगण मी तिथं नेऊन ठेवलं होतं. गाव सोडलेली माणसं वाचतात ती अशीच. तेही चाललं असतं, पण ते वाक्यच सापडेना. त्यातल्या मुलीची आई तर पहिल्याच प्रकरणात मेलेली.

दादाला फोन लावला, चिडूनच. वाक्य म्हणून दाखवलं, म्हटलं, पुस्तकात ते नाहीच.

"अवं, पुस्तकात कुठचं असन ते?" तो म्हणाला. "आईच बोलली होती तुले. 'तू गेली तरी तुया नावची मूठ आंधनात पडनच.' तुयी मान खाली. बस हालली तरी सांगूनच राह्यली होती."

मी हातातली कादंबरी मिटली.

"शेवटपर्यंत टाकत होती जास्तीची मूठ," तो म्हणाला. "आता तुयी वैनी टाकते. आईनं सांगून ठेवलं हाय. सकाळी शिळा भात आमीच खातो."

आई गेली तेव्हा मी इथल्या मैत्रिणींना सांगितलं होतं, आता धानोऱ्यात माझं काही उरलं नाही. उरतं. रोज रात्री माझ्या मुठीचा भात उरतो.