दौलतची गुरगुर

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती ऐकायला उरली नाही. तुम्हाला सांगतो. आजच का— ते विचारू नका.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीत मी गुरांचा डॉक्टर होतो. पण माझं नाव झालं ते कुत्र्यांमुळे. चावरं कुत्रं, दिवसभर रडणारं कुत्रं, फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं— लोक माझ्याकडे आणून सोडायचे आणि मी ते 'सुधारून' परत द्यायचो. आधी लोक हसले, कुत्र्याच्या डोक्याचा डॉक्टर म्हणून. मग दारात रांग लागायला लागली. ती रांग माझ्या डोक्यात गेली.

अंजनगाव सुर्जीला शेषरावभाऊंचा संत्र्याचा बगीचा होता. दौलत हा त्यांचा कुत्रा. एका राखणदारानं त्याला काठीनं झोडपलं होतं, तेव्हापासून माणूस जवळ आलं की तो गुरगुरायचा. चावला कुणालाच नव्हता— हे लक्षात ठेवा. घरात शेषरावभाऊंची लहानगी कमल होती आणि तिचा दौलतवर भारी जीव.

त्याची भीती घालवायला महिने लागले असते. रोज लांब बसायचं, भाकर टाकायची, तो आपणहून येईल याची वाट बघायची. मला येत होतं ते. पण दारात रांग होती ना! मी सोपं केलं. गुरगुरला की नाकावर ओल्या दोराचा फटका. पुन्हा गुरगुरला, पुन्हा फटका. आठवडाभरात तो गप्प झाला.

भीती गेली होती का? नाही. कान मागे पडलेले, अंग ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसतंय— सगळं दिसत होतं मला. गुरगुर म्हणजे तरी काय असते हो? 'मी भ्यालोय, मागे हो,' एवढंच तो सांगत होता. मी त्याचं ते सांगणंच बंद केलं आणि त्याला घरी पोचवला.

"डाक्टरकाका, हा मले पाहून शेपटी काहून नाही हालवत?" कमलनं विचारलं.

"लाजतो. जा, गळ्यात पड त्याच्या."

हे मी म्हणालो. मीच.

तिनं मिठी मारली. तो थरथरत उभा राहिला. काही झालं नाही. सगळे हसले, मीही हसलो.

चार दिवसांनी निरोप आला. दौलतनं कमलचा दंड फोडला होता— जराही आवाज न करता.

मी गेलो तेव्हा तो झाडाला बांधलेला होता. भाकर खात होता, पाणी पीत होता. अशा कुत्र्याला दहा दिवस बांधून ठेवायचं असतं. जगला तर तो पिसाळलेला नाही, आणि मुलीला इंजेक्शनं लागत नाहीत. तो जगणार हे मला दिसत होतं. आणि मग शेषरावभाऊंनी विचारलं असतं, पिसाळला नव्हता तर चावला काहून? आधी गुरगुरला काहून नाही?

मी म्हणालो, पिसाळलाय.

त्यांनी बंदूक आणली. दौलत माझ्याकडे बघत होता. तेव्हाही गुरगुरला नाही.

मग कमलच्या पोटात इंजेक्शनं सुरू झाली. त्या काळच्या त्या लसीनं क्वचित एखाद्याचे हातपाय जातात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, तरी तोंड उघडलं नाही. इंजेक्शनं संपायच्या आत कमलचे पाय लुळे पडले. लोक म्हणाले, कुत्र्याचं विष. मी मान डोलावली.

त्यानंतर दर हंगामाला शेषरावभाऊ संत्र्यांची टोपली घेऊन यायचे. ते गेले, तरी टोपली थांबली नाही. या वर्षी कमल स्वतः आली, कुबड्यांवर, गड्याच्या डोक्यावर टोपली देऊन. पायऱ्या चढताना तिला फार वेळ लागला.

"काका, तुमी होते म्हणून मी जिती राह्यली," ती म्हणाली, आणि एक संत्रं माझ्या हातात ठेवलं.

मी ते सोललं आणि तिच्यासमोर बसून सगळं खाल्लं. गोड होतं.