आभाळ तपासणारे दाजी

परमेश्वरानं ही सृष्टी घडवली तेव्हा माल तपासायला आमचे दाजी हजर नव्हते, हे सृष्टीचं नशीब. असते तर निम्मे डोंगर वाकडे म्हणून परत गेले असते, समुद्राचा रंग एकसारखा उतरला नाही म्हणून तो पुन्हा रंगवावा लागला असता, आणि माणूस नावाचा नग तर त्यांनी नुसत्या नजरेनंच 'सेकंड'च्या ढिगात टाकला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पसरायची आणि या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवून तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, रंगाचा पट्टा हुडकायचा, एवढंच काम. निर्दोष चादर पुढं जायची, डागी चादर सेकंड म्हणून बाजूला पडायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सत्काराची शाल अंगावर घातली, तर दाजींनी ती व्यासपीठावरच उलटी करून बघितली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणतात.

आमच्याकडे लग्नात पुरुषांना टॉवेल-टोपीचा आहेर असतो. चारचौघं तो आहेर घेतात, टोपी डोक्यावर टेकवतात आणि पंगतीकडं वळतात. दाजी टॉवेलची घडी मोडतात. मांडवातल्या ट्यूबलाइटपुढं तो ताणून धरतात आणि मुलीच्या बापाला, जो आधीच घामाघूम झालेला असतो, सगळ्यांदेखत सांगतात, "पाहुणं, फसलात की ओ. सेकंड माल हाय हा. किती डझन घेतलेत?" एकदा माझ्या चुलतपुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि दाजी पदराकडं. "दोन धागे सुटलेत," ते म्हणाले. पोरगी भर बैठकीत उठून आत गेली. पुढं सहा महिने आम्ही त्या घराच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा कुठं ते लग्न जमलं. त्यातही पोरीची अट होती, मांडवात त्या म्हाताऱ्याला माझ्यापासून लांब बसवा.

तर असल्या माणसाच्या हातात त्यांच्या पुण्यातल्या मुलानं भारीतला स्मार्टफोन दिला. आगीत तेल म्हणतात ते हेच. एका संध्याकाळी टाकीचं पाणी बघायला दाजी गच्चीवर गेले, सहज चंद्राचा फोटो काढला, आणि तो करपलेल्या भाकरीसारखा आला. झालं! दाजींनी ते जिवाला लावून घेतलं. रात्रीचा मोड कुठला, शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, हे त्यांनी मुलाला फोन करकरून विचारलं. शेवटी सुनेनं सांगितलं, "बाबा, आता ते मीटिंगमध्ये आहेत," आणि ती मीटिंग तीन आठवडे चालली. फोन हलू नये म्हणून तिकाटणं आणायचं, तर दाजींना बाजारातलं एकही पसंत पडेना. मग त्यांनी जुन्या उशीच्या खोळीत दोन किलो ज्वारी भरली, त्या पिशवीत फोन रुतवून आभाळाकडं तोंड करून ठेवला, आणि काय सांगू, तो तसूभरही हलेना. आक्का खालून ओरडली, "अहो, दळणाची ज्वारी हाय ती! ताऱ्यांना भाकरी घालताय की काय?"

मग आळीवर संकट आलं. फोटो चालू असताना गच्चीवर कुणी चालायचं नाही, जिन्यात पाय वाजवायचा नाही, शिंक आली तर परसात जाऊन यायचं. शेजारी ट्रान्सपोर्टवाले चाचा राहतात, त्यांच्या दारात मोठा हॅलोजन आहे. तो बंद करा म्हणून दाजी रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकात उभे. चाचा बिचारे भले माणूस. "हौ साब, बत्ती बुझातूं," म्हणायचे, "पन चोर आया तो तुमारे तारे नीचे उतरके पकडेंगे क्या?" आणि खरंच बंद करायचे. एवढं करून फोटो काढायचे शंभर आणि ठेवायचे एक. फोटो आला की दाजी डाव्या कोपऱ्यापासून बोट फिरवायला लागायचे, या काठापासून त्या काठापर्यंत. जरा ठिपका हलला, पट्टा आला, धुरकट दिसलं, की पुसून टाक. तारे तरी त्यांच्या तावडीतून कुठं सुटले? एकदा मला वर बोलावून त्यांनी मृगातल्या बाणाचे तीन तारे दाखवले. "बघा मास्तर, सरळ रेषेत नाहीत. एक अर्धा धागा सरकलाय." मी शाळेत गणित शिकवतो म्हणून मी 'मास्तर', आणि त्या सरकलेल्या ताऱ्याची जबाबदारी थोडीफार माझ्यावर आहे असं त्यांच्या सुरावरून वाटत होतं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण त्या वर्षी गणपतीनंतर आक्का मोरीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, महिना-दीड महिना पलंगावरून हलायचं नाही. आणि नेमका तेव्हाच पेपरात धूमकेतू आला. संध्याकाळी पश्चिमेला थोडे दिवस दिसेल, मग गेला तो गेला.

आता आक्का आणि धूमकेतू यांचं एक जुनं भांडण आहे. आमचं माहेरघर मंगळवेढ्याचं. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, आक्का सहा-सात वर्षांची. सगळे रानात वस्तीला होते. पहाटे वडिलांनी सगळ्यांना उठवलं, शेपटीचा तारा निघालाय, बघा म्हणून. सगळ्यांनी बघितला. गड्यांनी बघितला, आजूबाजूच्या वस्तीवरच्यांनी बघितला. आक्का तेवढी वडिलांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. पुढं वडील गेले तरी तिची ती हळहळ काही गेली नाही. "सगळ्या रानानं बघितला, मीच तेवढी करंटी," हे वाक्य मी तिच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलंय. आता पुन्हा एक शेपटीचा तारा आला, आणि ही पलंगावर. पेपरातला फोटो मी तिच्यापुढं धरला तर तिनं तोंड फिरवलं. "कुठल्या मुलखातला हाय कुणास ठाऊक. आपल्या रानावरचा दिसंल तर दाखवा." हे दाजींनी ऐकलं. त्यांनी ज्वारीची पिशवी झटकली.

शहरातल्या गच्चीवरून चार संध्याकाळी त्यांनी धूळ, धूर आणि एक मोबाईलचा टॉवर यांचे फोटो काढले. पाचव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, चाचांच्या सुनेला आक्काजवळ बसवलं आणि दाजींना गाडीत घालून मंगळवेढा गाठलं. आमचं रान आता चुलतभाऊ करतो. काळी सपाट जमीन, झाड म्हणून नाही, ज्वारी नुकती उगवलेली. दिवस बुडाला तशी दाजींनी बांधावर बैठक मारली आणि फोन पिशवीत रुतवला. चुलतभाऊ शेजारी उकिडवा बसला होता. "आवं दाजी, हितं रोज लई तारं दिसत्यात. त्येंचा फोटू काय काढायचा?" दाजींनी त्याला श्वास रोखून धरायला लावलं. पश्चिमेला जरा धुरळा होता. आम्ही तिघांनी डोळे ताणताणून बघितलं, पण शेपटी नाही, तारा नाही, काही नाही. दाजी मात्र फोटो काढत राहिले, पार काळोख होईपर्यंत.

परतताना ते माझ्या शेजारी बसून फोटो तपासत होते. "काहीच नाही," "हा धुरकट," "हा हललाय," असं पुटपुटत एकेक पुसून टाकत होते. सोलापूरच्या अलीकडं त्यांचं बोट थांबलं. "मास्तर, हा पांढरा पट्टा कशाचा असंल? तीन फोटोंत आलाय." मी गाडी चालवत होतो, पोटात कावळे ओरडत होते, समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या. मी न बघताच म्हणालो, "काच पुसली नसेल, दाजी. टाका पुसून." चौतीस वर्षं पट्टा दिसला की माल बाजूला टाकणारा माणूस तो, त्यांनी ते तिन्ही फोटो पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काची चौकशी करायला गेलो, तर दाजी ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. आपल्याच जिल्ह्यातल्या कुणा हौशी माणसाचा फोटो छापला होता, त्याच संध्याकाळचा. नुसत्या डोळ्यांना दिसला नाही पण मोबाईलमध्ये आला, असं खाली लिहिलेलं. क्षितिजाच्या वर एक फिकट, पांढरा पट्टा. दाजी म्हणाले, "मास्तर, हाच तो."

मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, पुसलेले फोटो फोनच्या कचरापेटीत महिनाभर राहतात!"

"ती मी रोज झोपताना रिकामी करतो. सेकंड माल गोदामात ठेवला की कधी ना कधी चांगल्यात मिसळतो."

मग चार दिवस परतीच्या पावसाचे ढग हटले नाहीत, आणि पाचव्या दिवशी पेपरात आलं की आता तो दुर्बिणीशिवाय दिसायचा नाही. आक्का रोज विचारायची, "मिळाला का ओ?" दाजी म्हणायचे, "ढग हाईत." मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, पेपरातल्या फोटोचा फोटो काढा आणि द्या दाखवून आपल्या रानातला म्हणून, तिला काय कळतंय? दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी आजही त्या नजरेपुढं उभा राहू शकत नाही. "दुसऱ्याच्या मालावर आपला शिक्का मारायचा? शिकलेली माणसं तुम्ही."

ते आत गेले, पलंगाशी स्टूल ओढून बसले, आणि म्हणाले, "अगं, तो मिळाला होता. तुमच्या रानातच मिळाला. मला वळखता आला नाही. डाग म्हणून मीच पुसून टाकला."

मीच! काच पुसली नसेल म्हणणारा, न बघता टाका पुसून म्हणणारा मी दारात उभा होतो, आणि त्या माणसानं माझ्याकडं साधी मानसुद्धा वळवली नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आक्काला मी ते अजूनही सांगितलेलं नाही, हे वाचून कळलं तर कळू दे.

 आता आक्काची तोफ सुटणार म्हणून मी दाराआड सरकलो. पण ती म्हणाली, "कसा होता, सांगा की मग."

दाजी उठले. कोपऱ्यातलं काळं घोंगडं त्यांनी कपाटाच्या दारावर टांगलं, पलंगावरून नीट दिसेल असं. टेबलाच्या खणातून खडू काढला. कारखान्यात डाग सापडला की त्यावर खडूनं खूण करायची रीत असते, आणि आपण बाजूला टाकलेला डाग दाजी विसरत नाहीत. "हा खालचा काठ म्हणजे तुमचं रान," ते म्हणाले. "हितं दिवस बुडाला. त्याच्या वर, जरा डावीकडं." त्यांनी खडू टेकवला, छोटासा दाट ठिपका काढला आणि अंगठ्यानं तो वर वर पुसत नेला. खाली दाट, वर विरत गेलेला, किंचित कललेला. एकदा मागं सरकून बघितलं, पुन्हा जाऊन टोकाला आणखी हलका केला. इतक्या हळू हातानं काही करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"रानात काय होतं ओ तवा?" आक्कानं विचारलं.

"ज्वारी. बोटभर उगवलेली."

आक्का डोळे न मिटता बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याला डाग म्हणालात व्हय? लई चांगला हाय की." दाजींनी खडूचे हात धोतराला पुसले आणि चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळानं मी बघायला गेलो, तर गॅस पेटवलेलाच नव्हता. कट्ट्याला हात टेकून ते तसेच उभे होते.

आक्का आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. गच्ची मात्र तिच्यासाठी संपली. दाजी रोज संध्याकाळी वर जातात, पण हल्ली एकही फोटो पुसत नाहीत. फोन सारखा भरतो, तर मुलगा मुकाट्यानं पुण्यातून जागा वाढवून देतो. मी गेलो की ते फोन माझ्या हातात ठेवतात, शे-दोनशे काळे, धुरकट, हललेले फोटो. पूर्वी मी काहीतरी निमित्त काढून सटकलो असतो. "बघा बरं मास्तर," ते म्हणतात, "ह्यात काही हाय का. मला आता खात्री वाटत नाही." मग मी चष्मा पुसतो आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक फोटो बघायला लागतो.