तळहातावरचा पारा

दवाखान्याचं कुलूप उघडलं की आत्या आधी स्वतःच त्या मोठ्या खुर्चीवर पाठ टेकून आडवी व्हायची. डोक्यावरचा दिवा लावायची, आ करायची आणि वर बघायची. उजेडाचा गोल तोंडावर पडायला हवा, डोळ्यांत नको. तो भुवईकडे सरकलेला दिसला तर पडल्यापडल्याच हात वर करून दिवा खाली ओढायची. मग उठून खुर्ची पुसायची, ट्रेमध्ये छोटा आरसा, टोकदार सळई आणि चिमटा मांडायची आणि वर पांढरं फडकं टाकायची. आडवा झालेला माणूस आधीच अर्धा घाबरलेला असतो, त्यात डोळे दिपले की पुरता घाबरतो, असं ती म्हणायची.

ती दातांच्या डॉक्टरांची मदतनीस होती. लग्न वर्षभरात मोडलं आणि ती धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या घरी राहायला आली. घरात तिला कुणी दुखवलं नाही. पण कपाटातला एक खण सोडला तर तिथे तिचं असं काही नव्हतं. दवाखान्यात होतं. खुर्चीच्या डाव्या अंगाला पाठ नसलेलं एक गोल स्टूल होतं, त्यावर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे. डॉक्टरांचा मेहुणा एकदा सहज टेकला, तर तिने त्याला हातात झाडू देऊन उठवलं होतं.

बाबा तिला चिडवायचे, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या ताईचं भरतं. त्यावर ती म्हणे, तुझ्या दाढेत चांदी कुणी कालवून दिली ते विसर आणि मग दात काढ.

डॉक्टर काम करताना पेशंटच्या तोंडावरून नजर हलवत नसत. फक्त उजवा तळहात थोडा उघडायचा, आणि आत्या त्यात हवं ते हत्यार अशा बेताने ठेवायची की बोटं मिटली की ते पेनासारखं पकडीत बसावं. दुसऱ्या हातात तिची नळी असायची, लाळ आणि पाणी ओढून घेणारी. सुई हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारायचा नाही. डॉक्टर म्हणत, "औषध द्या," आणि भरलेली सिरिंज पेशंटच्या हनुवटीखालून, त्याला दिसणार नाही अशी, या हातातून त्या हातात जायची. दिवसभर दोघं एकमेकांशी जेमतेम बोलत. आई म्हणायची, इतकं न बोलता तर नवराबायकोचंही जमत नाही. आत्याला ते आवडायचं नाही, पण ती खोडूनही काढत नसे.

तेव्हा किडलेल्या दाढेत चांदी भरत. चांदीची पूड आणि पारा काचेच्या छोट्या खलात घोटायचा, की त्याचा मऊ गोळा व्हायचा. तो घोटणं, मळणं आणि पिळणं हे मदतनिसाचं काम. आत्या गोळा डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या अंगठ्याने मळायची. मग कापडाच्या तुकड्यात घालून पिळायची. जादा पारा टिपकून बशीत पडायचा, आणि पिळताना त्या गोळ्यातून बारीक करकर ऐकू यायची. बर्फावर पाऊल पडल्यासारखी, असं ती सांगायची, जरी तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. तो आवाज आला म्हणजे गोळा भरायला तयार.

सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर तिला म्हणाले होते की उघड्या हातावर मळू नका, पारा चांगला नव्हे. तिने रबरी हातमोजे घालून पाहिले. मोज्यातून गोळ्याचा नेमका मऊपणा कळेना, भरलेली चांदी कडेने सुटू लागली, दोन-चार पेशंट तक्रार घेऊन परत आले. तिने मोजे काढून ठेवले. डॉक्टरांनी ते पाहिलं. पुन्हा काही ते बोलले नाहीत, कारण चांदी आता पक्की बसत होती आणि गावभर तिची कीर्ती होत होती. अमक्यांची दाढ बारा वर्षं टिकली, तमक्यांची वीस, असं लोक सांगत येत.

पुढे पांढरं सिमेंट आलं, निळ्या उजेडाने घट्ट होणारं. खल कपाटात गेला. आणि मग केव्हातरी आत्याच्या हाताला कंप सुटला.

आधी फक्त करंगळीला. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. हात थरथरला तर स्टूल जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कोपर बरगडीला चिकटवून ठेवायचं, करंगळी पेशंटच्या हनुवटीवर टेकायची, हत्यार देताना श्वास रोखायचा, अशा युक्त्या तिने शोधल्या. घरी मात्र ती भाजी चिरेनाशी झाली. आईला वाटलं, वयाबरोबर आळसही येतो. एकदा आई बोललीही. आत्याने ऐकून घेतलं.

डॉक्टरांच्या लक्षात आलं नसेल असं नाही. त्यांचा तळहात पूर्वी जागीच उघडायचा. आता तो तिच्या हाताजवळ येऊन थांबू लागला. त्याबद्दलही दोघं कधी बोलली नाहीत.

एका सकाळी एक रंगारी आला होता, घरांना रंग देणारा, उंचापुरा आणि भलताच अदबशीर. खालची मागची दाढ कोरायची होती. अशा वेळी आरशाच्या पाठीने जीभ बाजूला धरून ठेवणं आत्याचं काम. डॉक्टरांनी मशीन सुरू केलं. आरसा जिभेवरून निसटला. फिरतं टोक जिभेच्या कडेला लागलं आणि नळीतून लाल पाणी जाऊ लागलं.

डॉक्टरांनी मशीन थांबवून कापसाचा बोळा दाबून धरला आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "जीभ हलली तुमची."

असं काही झालं की त्या खोलीत हेच वाक्य म्हणायची रीत होती. पेशंटला आपल्या तोंडात काय झालं ते दिसत नाही, तो मान्य करतो. रंगाऱ्यानेही केलं. तोंडात कापूस, डोळ्यांत पाणी, तरी हाताने चुकलं-चुकलं अशी खूण करत तो डॉक्टरांचीच माफी मागत होता. आत्याला फक्त गप्प बसायचं होतं.

"त्यांची जीभ नाही हलली, डॉक्टर," ती म्हणाली. "माझा हात हलला."

जखमेला टाके पडले. रंगारी गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, मी सांभाळून घेत होतो, मध्ये कशाला बोललात. ती म्हणाली, तो बिचारा घरी जाऊन स्वतःच्या जिभेला शिव्या घालत बसला असता. इतकंच. संध्याकाळी आईला तिने हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते.

स्टुलावर नवी मुलगी आली. डॉक्टरांनी आत्याला बाहेरच्या टेबलावर बसवलं, वेळा लिहून द्यायला. तिचं अक्षर आता तिलाच लागत नव्हतं. आतून मशीनचा आवाज आला की ती अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. काही दिवसांनी ती जायची थांबली. कुणी बोलावायला आलं नाही.

नसांच्या डॉक्टरने कामाबद्दल विचारलं, तिचा तळहात उलटसुलट करून पाहिला. पाऱ्यामुळे असू शकेल, आपोआपही असू शकेल, इतक्या वर्षांनी नक्की सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. वर जड कामं टाळायला सांगितलं. रिक्षात ती बाबांना म्हणाली, आरसा केवढासा असतो, त्याचं कसलं आलंय वजन.

दातांचे डॉक्टर एकदाच घरी आले. तोवर आत्याची मानही हलू लागली होती. नाही-नाही म्हणत असल्यासारखी ती सारखी डुलायची, त्यामुळे तिच्यासमोर बोलणं अवघड जाई.

"मी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "हातावर मळू नका म्हणून."

"एकदा सांगितलंत," आत्या म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ते उठले, चपला घालताना भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि गेले. मग आत्या आईला म्हणाली की त्यांना तरी काय बोल लावायचा, चांदी खरंच छान बसायची, आणि मलाही ते ऐकायला गोड वाटायचं.

शेवटच्या थंडीत तिच्या छातीत कफ साठला. आई भरवायची. चहा मात्र आत्या स्वतःच्या हाताने प्यायची, कप दोन्ही हातांत धरून, तोंड कपाकडे नेऊन. त्या दुपारी आई नेहमीप्रमाणे पलंगाशी बसून चहा ओतत होती. संध्याकाळी आत्याचा श्वास थांबला. मधल्या वेळात ती काही बोलल्याचं आईला आठवत नाही. चहा ओतताना मात्र बोलली होती.

"अर्धाच भर गं. सांडलं की तुलाच पुसावं लागतं."