अदीबा माऊस धरत नाही

माऊस धरणाऱ्या माणसांबद्दल अदीबाचं मत फार वाईट होतं, आणि ते ती पोटात ठेवत नसे.

"पाह्य याले," कुठल्याही ऑनलाइन सेंटरच्या काचेतून आत बोट दाखवत ती धाकट्या बहिणीला सांगायची. "याले एक फाईल बंद करायची हाय. आता हा कीबोर्डवरून हात उचलन. माऊस चाचपडन. मंग बाण शोधन, कुठं गेला माय माहा बाण. मंग तो बाण हळूहळू त्या फुलीवर नेईन, जसं सुईत दोराच ओवून राह्यला. अन् मंग टिक! तेवढ्यात मी आल्ट अन् एफ फोर मारून घरी जाऊन भाकर खाऊन आली."

"आपा, हळू. त्याले आयकू जाते," अलफिया दुपट्ट्यात हसू दाबायची.

"आयकू दे की. कानानं तरी लवकर काम करन."

अमडापूरला गफ्फारभाईंचं भंगाराचं गोडाऊन आहे, आणि अदीबा त्यांची थोरली. वय तेवीस, जीभ त्याहून मोठी. ती सातवीत असताना कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेले चार कॉम्प्युटर गोडाऊनला आले. गफ्फारभाईंचा शिरस्ता असा, की माल उतरला की आधी वायरी छाटायच्या, कारण तांबं वेगळं विकायचं. चारही माऊसच्या शेपट्या पहिल्या पाच मिनिटांत उडाल्या. मग ते कीबोर्डकडे वळले, तोवर एक कीबोर्ड पोरीनं उचलून छातीशी धरला होता.

"दे इकडं."

"नाई देत."

"त्यात तांबं हाय, बेटा."

"मह्यात बी हाय. कापा मले."

गफ्फारभाईंनी कात्री खाली ठेवली. चार मेलेल्या डब्यांतून एक जिवंत डबा उभा राहिला, पण माऊस काही आला नाही. जे भंगारातून येत नाही ते या घरात विकत येत नाही, हा त्या घरचा कायदा होता. अम्मीची शिलाई मशीन भंगारातली, पंखा भंगारातला, दाराची घंटीसुद्धा.

मग पोरगी बिनमाऊसची शिकली. खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबलं की यादी उघडते, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. मेनूतल्या शब्दांत एकेका अक्षराखाली बारीक रेघ असते आणि आल्ट धरून तेच अक्षर दाबलं की तो शब्द उठून कामाला लागतो, हे कळायला महिना गेला. टॅब म्हणजे पुढच्या घरी, शिफ्ट धरून टॅब म्हणजे मागच्या घरी. कंट्रोल झेड म्हणजे तोबा, केलेलं माफ. दहावीपर्यंत तिची बोटं अशी चालायला लागली, की पडद्यावर काय चाललंय ते अलफियाला समजायच्या आत संपलेलं असायचं. पुढे दोनशे रुपयांचा माऊस घेण्याइतके पैसे हातात आले, तेव्हा तिनंच नाक मुरडलं. "लंगड्याले काठी लागते. मले कायले?"

पण ही ऐट नोकरीच्या बाजारात चालेना. चिखलीच्या एका सेंटरवाल्यानं तिला दहा मिनिटं बसवलं आणि गफ्फारभाईंना बाजूला घेऊन कळवळ्यानं सांगितलं, "पोरगी लय घाबरून राह्यली हो. माऊसले हात बी लावला नाई." खामगावात एका क्लासच्या सरांनी तर तिलाच समजावलं, की शॉर्टकट हे पाठ करून परीक्षेत लिहायचे असतात, वापरायचे नसतात. त्यांच्या वर्गात पोरं पाढ्यांसारखं घोकत होती, कंट्रोल सी कॉपी, कंट्रोल व्ही पेस्ट. आणि सर स्वतः माऊसची उजवी कळ दाबून, यादी उघडून, त्यातून कॉपी शोधत होते. अदीबानं त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, तुमी पोहण्यावर निबंध लिवून घेऊन राह्यले." अर्थात ती जागा गेली.

तेव्हा गफ्फारभाई म्हणाले, "आता आखरी. अजून एक जागा पाह्य. नाई लागली तं काट्यावर बस. मह्यानं आता वजनं होत नाईत."

काट्यावर बसणं म्हणजे काय, हे अदीबाला नीट माहीत होतं. पत्र्याखालचं ते स्टूल, समोर गंजलेले कूलर आणि फुटक्या बादल्या, आणि 'भाभी, दोन किलो जास्त लिवा ना' म्हणणारे फेरीवाले. एकदा त्या स्टुलावर बसलं की उठणं नव्हतं. अब्बा तरी कुठे उठले होते!

ती आखरी जागा निघाली खामगावच्या गुलाबरावांच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. फेब्रुवारीचा महिना, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत, हवेत कापसाचे तंतू आणि धूळ. गफ्फारभाई बाहेर आपल्या मालरिक्षात थांबले आणि अदीबा ऑफिसात शिरली.

शिरली आणि जागीच उभी राहिली.

टेबलावर लोखंडी अँगलचा एक दणकट सांगाडा होता, चार पायांचा, नटबोल्ट मारलेला, वर हिरवा ऑइलपेंट. आणि त्या सांगाड्यात मॉनिटर टांगला होता, डोकं खाली, पाय वर. कंपनीचं नाव उलटं. वटवाघूळ जसं.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"हे आमचं डिझाईन हाय," मागून आवाज आला. हेडक्लार्क भगवंतराव. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, आणि चेहरा असा की जिनिंग यांच्याच छातीवर उभी आहे. "खंडेनवमीले सगळ्या हत्यारांची पूजा करतो आमी. कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसला, हळदकुंकू वाह्यलं, फूल ठेवलं. अन् पाह्यतो तं काय, पडदा उलटा! अक्षरं डोक्यावर उभी. मेकॅनिक म्हणे नवीन मॉनिटर घ्या. म्या म्हटलं, कायले? पडदा उलटा झाला तं डबा उलटा करा. मिस्त्रीकडून स्टँड बनवून घेतला. चार महिने झाले, एक तक्रार नाई."

अदीबाच्या पोटात हसू उकळ्या मारायला लागलं. पुसताना फडक्याखाली तीन बटणं एकदम दाबली गेली असणार, कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण. जुन्या मशीनवर तेवढ्यानं चित्र उलटं होतं आणि वरच्या बाणानं सुलटं. एवढ्यासाठी या माणसानं लोखंड वाकवलं होतं, रंगवलं होतं आणि त्याला डिझाईन म्हणत होता! तिनं गाल आतून चावून धरला. आखरी जागा होती.

दुसरा उमेदवार शेखर आधीच खुर्चीत बसला होता. केसाला जेल, अंगाला अत्तर, आणि खिशातून त्यानं काढला स्वतःचा माऊस. लाल दिवा लुकलुकणारा.

"घरून आणला?" अदीबानं विचारलं.

"दुसऱ्याच्या माऊसवर हात बसत नाई मॅडम," तो म्हणाला, जसा काही उस्ताद आपल्या तबल्याबद्दल बोलतोय.

परीक्षा भगवंतरावांनी स्वतः काढली होती. एक पत्र टाईप करणे, एक तक्ता करणे, आणि शेवटी 'माऊस हाताळणी, गुण दहा'. पत्र आणि तक्ता अदीबानं एवढ्या लवकर उरकला, की भगवंतरावांचा चष्मा अजून पुसून व्हायचा होता.

"झालं? म्या तं पाह्यलंच नाई."

"तुमी पुसा चष्मा. कागद तिकडं मशीनमधून निघून राह्यला."

त्यांनी कागद उचलला, चूक शोधली, सापडली नाही, आणि त्याचाच राग आला. "ठीक. आता माऊस. हे पडद्यावर पत्ते काढले. लाल अठ्ठीवर काळी सत्ती ओढून ठेवायची."

"यानं कापसाचं काय होते, काका?"

"परीक्षा मी घेऊन राह्यलो का तुमी?"

शेखरनं पत्ते असे सरकवले, की भगवंतराव 'वा' म्हणाले. मग अदीबानं आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात घेतला. बाण एका कोपऱ्यात जाऊन चिकटला. तिनं ओढला तर टेबल संपलं. सत्ती उचलली ती राणीवर पडली. शेखर खोकल्यासारखं हसला.

"शून्य," भगवंतरावांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं. "कॉम्प्युटरची सुरुवातच माऊसपासून होते, पोरी. तेच येत नाई तं पुढचं काय कामाचं?"

आता मात्र गालाचा चावा सुटला. डोकं खाली टांगलेल्या डब्यासमोर उभा राहून हा माणूस तिला सुरुवात शिकवत होता! अदीबाची तीन बोटं आपसूक गेली. कंट्रोल, आल्ट, वरचा बाण.

चित्र गर्रकन फिरलं. आता ते मशीनच्या हिशेबानं सुलटं होतं. पण डबाच उलटा टांगलेला, त्यामुळे सगळी अक्षरं शीर्षासनात.

"बिघडवला!" भगवंतराव किंचाळले. "पोरीनं मशीन बिघडवली!"

"बिघडवली नाई, सुधरवली. आता डबा सरळ करा."

"हात लावू नको! खबरदार!"

नेमका त्याच वेळी गुलाबराव आत आले. मालक, आवाज मशीनच्या आवाजावर चढवून चढवून कायमचा मोठा झालेला. "भगवंतराव, गाठींची गाडी फाटकात उभी, मागं दहा बैलगाड्या अडकल्या. गेटपास काऊन नाई निघाला?"

"मालक, या पोरीनं…"

"पोरीचं मंग पाहू. गेटपास काढा."

भगवंतरावांनी माऊस उजवीकडे नेला, बाण डावीकडे पळाला. वर नेला, खाली गेला. शेखर पुढे सरसावला, स्वतःचा लाल दिव्याचा माऊस लावून. त्याचाही बाण उलटाच धावे. त्यानं मान वाकडी केली, मग कंबर वाकडी केली, मग डोकं जवळजवळ टेबलाला टेकवलं. बाहेर हॉर्न वाजत होते.

"मी काढू?" अदीबा म्हणाली.

"आधी व्हतं तसं कर," भगवंतराव म्हणाले.

"मी सरळ केलेलं उलटं करत नाई. काढू का गेटपास?"

"काढ गं बाई, काढ!" गुलाबराव ओरडले.

ती पडद्याकडे पाठ करूनच उभी राहिली, कीबोर्ड पोटाशी ओढून. खिडकीचं बटण, गेटपास हा शब्द, एंटर.

"काका, पहिल्या घरात काय लिवलं असते?"

"तारीख."

"म्हणजे नाव पहिल्या घरात, अन् आकडा दुसऱ्यात." टॅब. तारीख पडली. "मंग?"

"गाडी नंबर." भगवंतरावांना तो कागद तोंडपाठ होता, एवढं मानावं लागेल.

"बोला नंबर."

"एमएच अठ्ठावीस…" गुलाबरावांनीच खिडकीतून वाचला. टॅब. ड्रायव्हरचं नाव, टॅब, गाठी किती, टॅब. कंट्रोल पी, एंटर. प्रिंटर घरघरला. गुलाबरावांनी कागद ओढला, आडवा वाचला, उभा वाचला, खिडकीतून फाटकवाल्याच्या हातात दिला. हॉर्न थांबले.

"अन् हिले शून्य दिलं?" त्यांनी गुणपत्रिका उचलली.

"माऊसमध्ये, मालक. नियमानं."

"शेखर," गुलाबराव म्हणाले, "पत्ते खेळाले कधी माणूस लागला तं बोलावतो." शेखरनं आपला माऊस गुंडाळला. मग ते अदीबाकडे वळले. "सोमवारपासून ये. पण आता हे चित्र पयल्यासारखं करून जा. भगवंतरावले इथं पाच वाजेपर्यंत बसायचं हाय, चक्कर येऊन पडन माणूस."

"मालक, चार बोल्ट हायेत. खोलले का डबा सरळ."

"स्टँडले मिस्त्रीशिवाय कोणी हात लावायचा नाई!" भगवंतराव मधे पडले. "अन् मिस्त्री लग्नाले गेला."

"आयकलं ना?" गुलाबराव म्हणाले. "करतं का, नाईतर त्या पोराले मागं बोलावू?"

अदीबानं कीबोर्डकडे पाहिलं. तीन बटणं, नाहीतर पत्र्याखालचं स्टूल. जगात इतकी स्वस्त आणि इतकी महाग गोष्ट तिनं याआधी दाबली नव्हती. तिनं भगवंतरावांकडे बघितलं. ते शर्टाची घडी सारखी करत होते, जिंकल्यासारखे. तिनं दोन बटणं धरली आणि खालचा बाण मारला.

"हां!" भगवंतराव म्हणाले. "आता कसं सरळ झालं."

तिच्या तोंडात आलेलं वाक्य फार चांगलं होतं. तिनं ते गिळलं आणि नाव-पत्ता लिहून दिला.

बाहेर गफ्फारभाई रिक्षाला टेकून उभे होते. "काय झालं?"

"लागली."

"मंग तोंड असं काऊन?"

"आत एक माणूस हाय. आता जनमभर सांगन, पोरीनं मशीन बिघडवली व्हती, म्या तिच्याकडून दुरुस्त करून घेतली."

"पगार देतीन ना?"

"हाव."

"मंग सांगू दे त्याले." गफ्फारभाईंनी रिक्षा चालू केली. गाड्यांच्या रांगेतून वाट काढत ते फाटकाबाहेर आले, तेव्हा ती म्हणाली,

"अब्बा, तेरा नंबरचा पाना हाय का आपल्याकडं?"

"पाच-सहा असतीन. काऊन?"

"सोमवारी एक मले पाह्यजे."