पत्रकावर छापलेला सी

पत्रक छापण्याआधी तीनदा वाचावं, असं मी संघटनेत सगळ्यांना सांगते. त्यामुळे ते पत्रक मी स्वतः एकदाही वाचलं नव्हतं.

बदलापूरच्या आमच्या नव्या सोसायटीत बिल्डर नळजोडणी देत नव्हता, म्हणून त्याच्या ऑफिसवर मोर्चा ठरला. पत्रकाच्या पुढे मागण्या, मागे मी रचलेलं गाणं. गाणार शेजारच्या काकू. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर. त्यांना भीती एकच, आवाज फाटला तर अख्खी सोसायटी हसेल. म्हणून मी ठळक छापलं, 'सर्वांनी सी वाजवावा.' सगळ्यांना सा म्हणून एकच स्वर, इंग्रजी सी. भानगडच नको.

तालमीला पेटीवर काकूंचे यजमान, म्हणजे काका, आणि सॅक्सोफोनवर उल्हासनगरच्या लग्नाच्या बँडमधले मास्टर. दोघांनी सी धरला आणि गच्चीवरची कबुतरं उडाली.

"मास्टर, सी वाजवायचाय," काका म्हणाले.

"सीच आहे. माझा सी म्हणजे तुमच्या पेटीची दुसरी काळी पट्टी, काळी दोन."

"मग काळी दोन म्हणा की."

"का म्हणू? माझ्या सॅक्सला काळी-पांढरी आहे कुठे?"

मी भडकले. एका नावाचे दोन स्वर? हे ठरवलं कोणी? वाजवणाऱ्यांना विचारलं होतं का?

"बेटा, इसमें भडकनेका क्या है," मास्टर शांतपणे म्हणाले. "तुमचा बिल्डर 'उद्या' म्हणतो. त्याचा उद्या आणि तुमचा उद्या एकच असतो का?"

तेवढ्यात काकूंनी डोळे मिटून आपल्या सवयीचा सा लावला, स्वयंपाक करताना लावतात तसा. काकांनी पेटीवर चाचपडून शोधला. "काळी चार."

"म्हणजे माझा एफ," मास्टर म्हणाले आणि वाजवला. नावं वेगळी, आवाज एक.

काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "हा सी छापताना गाणारीला विचारलं होतंस का गं?"

उरलेली दुपार मी प्रत्येक पत्रकावरचा सी पेनाने खोडत बसले.

मोर्चात वरच्या स्वरातल्या ओळीला काकूंनी डोळे मिटले. आवाज फाटला नाही. ऑफिसातून एक माणूस बाहेर आला. म्हणाला, "साहेब उद्या भेटतील."

काकू माइकवरच होत्या. "कुठल्या पट्टीतला उद्या?"

अख्खी सोसायटी हसली. काकूही.